सगळ्यात खालचा कोण?

मामांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, शिक्षणही विचारलं नाही. समोरच्या कपाटाएवढ्या बॅटरीकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळ्यात खालचा कोण हाय?"

मला वाटलं, कंपनीतली उतरंड विचारतायत. मी आपली प्रामाणिकपणे म्हणाले, "मी. आजच लागले."

ते हसले नाहीत. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, मला खालपासून वरपर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तू नाय. सेल. सेल सांग."

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका गल्लीच्या टोकाला आमचा छोटासा कारखाना होता. तीसेक माणसं. दिवसा छपरावरच्या सोलरची वीज साठवायची आणि लाइट गेली की परत द्यायची, अशी बॅटरीची कपाटं आम्ही बनवायचो. मी धुळ्याहून डिप्लोमा करून आलेली, सालवडला दोन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. मामा टेस्टिंगचे प्रमुख. वसाहतीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात जन्म काढून निवृत्त झालेले, आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आलेले. किनाऱ्यावरच्या एका गावातून रोज स्कूटरने यायचे. शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. माझ्याआधी टेस्टिंगला तिघं टिकली नव्हती असं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी आलेच नसते.

तर सगळ्यात खालचा सेल. एका कपाटात शेकड्याने सेल असतात, एकामागे एक जोडलेले. त्यांच्यावर नजर ठेवणारं एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. बाहेरच्या जगात त्याला बीएमएस म्हणतात, मामा त्याला राखणदार म्हणायचे. हा राखणदार प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघतो, जागोजागी चिकटवलेल्या सेन्सरवरून उष्णता बघतो, किती वीज आत आली आणि किती बाहेर गेली ते बघतो. आणि काही वावगं दिसलं की सरळ जोडणी तोडतो. मी कॉलेजात हे सगळं पाठ केलेलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पुन्हा तोच प्रश्न विचारल्यावर मी तोऱ्यात म्हणाले, "मामा, सरासरी एकदम मस्त आहे."

"सरासरी कुणी विचारली?"

"म्हणजे सगळं ठीक आहे असं..."

"सरासरी ठीक असते गो, माणसं मरतात तेव्हाबी. खालचा कोण, वरचा कोण, गरम कोण. तिघांची नावं घेऊन ये, मंग चा पी."

मी तिघांचे नंबर घेऊन आले, पण चहा काही प्यायले नाही. रागाने. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या वाट्याचा चहा त्यांनीच पिऊन टाकला.

माझा स्वभाव तापट. घरी आई म्हणायची, हिच्याशी बोलताना आधी खिडक्या उघडा. पहिले दोन महिने मामांशी माझं रोज वाजायचं. म्हणजे मी वाजायचे, ते ऐकायचे. ऐकून झालं की त्यांना जे करायचं तेच करायचे. एकदा एका कपाटातला एक सेल चार्ज होताना बाकीच्यांपेक्षा दीड अंशाने गरम दाखवत होता. दीड! मी म्हणाले, चालतंय की. त्यांनी एक स्टूल आणलं, कपाटापाशी ठेवलं, मला त्यावर बसवलं आणि म्हणाले, "बस. दर दहा मिन्टांनी लिही." चार तास बसले मी. तोंडाने शिव्या, हाताने आकडे. चार तासांनी तो सेल तीन अंश पुढे गेलेला होता. जोडणीचा एक नट ढिला निघाला. मामा नुसतं "हं" म्हणाले आणि पाना घेऊन आले. मी स्टुलावरून उठले तेव्हा पायाला मुंग्या आलेल्या, पण त्या दिवसापासून मी 'चालतंय की' म्हणणं सोडलं.

समजावून सांगायची त्यांची तऱ्हाही वेगळीच. एकदा जेवायच्या सुट्टीत मी विचारलं, "मामा, शंभरातल्या एका सेलसाठी बाकीच्या नव्याण्णवांनी का थांबायचं? हा काय न्याय झाला?"

ते डब्यातला बोंबील सोलण्यात गुंग होते. "लग्नाची पंगत बघितलीस ना? माळेतले सेल म्हणजे पंगत. फरक येवढाच, इथं वाढपी एकच आणि सगळ्यांना सारखंच वाढतो, कमीजास्त नाय. आता ज्याचं पोट लहान तो आधी भरणार. भरल्यावरबी वाढत राहिलं तर?"

"तर फुगेल. पेटेल."

"म्हणून तो भरला की वाढणं बंद. सगळ्यांचं."

"आणि बाकीचे अर्धपोटी?"

"म्हणून राखणदार काय करतो, भरलेल्याच्या ताटातला घासभर काढतो नि जाळून टाकतो. तेवढ्यात बाकीच्यांना वाढून होतं."

"जाळून? म्हणजे वीज वायाच की!"

"वाया. पण पंगत पुरी होते." आणि त्यांनी बोंबलाचा मधला भाग माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला. मी धुळ्याची, मासे म्हटलं की नाक मुरडणारी. पण त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. वर्षभरात मी काटे काढायला शिकले.

टक्क्यांवर त्यांचा अजिबात भरवसा नव्हता. शेठ यायचे, स्क्रीनवर बघायचे, म्हणायचे, "बासष्ट टक्के, वा!" मामा म्हणायचे, "राखणदार म्हणतो बासष्ट. मी म्हणतो पंचावन ते सत्तर." त्यांचं खरं होतं. आम्ही वापरायचो त्या जातीच्या सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास हलतच नाही, त्यामुळे नुसतं व्होल्टेज बघून आत किती उरलंय ते कळत नाही. आलेल्या-गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत राहावी लागते, आणि त्यात बारीक बारीक चूक साठत जाते. अधूनमधून पूर्ण भरली की आकडा पुन्हा जागेवर येतो. शेठना हे कितीदा सांगितलं तरी पटायचं नाही. त्यांना एक आकडा हवा असायचा, मामा त्यांना दोन द्यायचे.

हाच हिशेब ते सगळीकडे लावायचे. काम कधी होईल? "मंगळवार ते शुक्रवार." मामींचं वय काय? "पन्नास ते साठ." हे मामींच्या कानावर गेलं तेव्हा काय झालं ते मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी मामा बोलत नव्हते.

मामींशी माझी ओळख झाली ती फोनवर. कारण मामा आपला फोन ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज करायचे नाहीत आणि विसावर आला की बंद करून ठेवायचे. सेलला त्रास नको म्हणून. मामींना त्रास झाला तर चालायचा. मग माझा फोन वाजायचा. "बाय गो, ते हायत का तिकडं? त्यांना सांग, येताना नारळ आणा." मी निरोप द्यायचे. ते न विसरता नारळ न्यायचे, पण फोन काही चालू करायचे नाहीत.

आणखी एक सवय म्हणजे हाताची पालथी बाजू लावून बघायची. कपाटाला, मोटारीला, चहाच्या ग्लासला, रिक्षाच्या सीटला. एकदा मी तापाने फणफणलेली तशीच कामावर गेले. मामांनी जाताजाता माझ्या कपाळाला पालथा हात लावला, शेठच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "ही ट्रिप झाली. घरी पाठवा." दोन दिवसांची भरपगारी रजा! अख्ख्या नोकरीत एवढ्या झटपट रजा मला कुणी दिली नाही.

त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात वायरचे तुकडे. वितभर, बोटभर, काही जळलेले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. 'बॉयलर, पाण्याची पातळी.' 'लिफ्ट, दार.' 'प्रेस, हात.' आयुष्यभर जिथे जिथे कुणीतरी सुरक्षेचं यंत्र फसवायला वायर मारून ठेवलेली त्यांना सापडली, तिथून काढून आणलेले ते तुकडे. यंत्र सारखं बंद पडतं, काम अडतं, मग माणूस वायर जोडून त्याचं तोंड बंद करतो. 'प्रेस, हात' या तुकड्याबद्दल मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "चांगला पोरगा होता. लग्न व्हायचं होतं."  मी डबा बंद केला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

मामांच्या गावातल्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या गटाने शीतगृह घातलं होतं. मोठी शेड, तिच्यात दोन थंड खोल्या, पहिली मोठी, दुसरी लहान. छपरावर सोलर, आणि बाजूच्या खोलीत आमचं कपाट. मामी गटाच्या प्रमुख. कपाटात सेलच्या दोन माळा होत्या. माळ हा मामांचाच शब्द, एका माळेत बारा बंद डबे आणि प्रत्येक डब्यात सेल. ते कपाट मी आणि मामांनी मिळून तपासलेलं. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि रोज शेड धुतली की कपाटही लाडाने पुसायच्या.

मे महिन्याच्या शेवटी, बोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या तोंडावर, त्या खोल्या शिगोशीग भरलेल्या असायच्या. शेवटचा माल तो. पापलेट, सुरमई, घोळ. बोटी बंद झाल्यावर हळूहळू विकायचा आणि त्यावर पावसाळा काढायचा. नेमक्या त्याच दिवसांत वादळ आलं. विजेचे खांब आडवे, झाडं आडवी, किनाऱ्यावरच्या घरांची छपरं उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामा सालवडला माझ्या दारात. नखशिखांत भिजलेले. घरमालकीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं माझं कुणीतरी गेलं. मामा म्हणाले, "लॅपटॉप घे. कपाट बंद पडलंय."

पडलेल्या झाडांतून वाट काढत पोचायला दहा वाजले. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांची छपरं गेली ती सगळी कुटुंबं तिथे आलेली. शाळेचे पत्रे उडालेले, देवळात माणूस मावत नव्हता. कपाटाच्या खोलीच्या भिंतीला लागूनच पोरं झोपलेली, म्हाताऱ्या बसलेल्या. एका खांबाला झोळी बांधून तान्हं बाळ घातलेलं.

मी लॅपटॉप जोडला. दुसऱ्या माळेतला नऊ नंबरचा डबा. बाकी सगळे एकतीस-बत्तीस अंशांवर, आणि हा अठ्ठावन्न. राखणदाराने ती माळ तोडलेली. मग दोन्ही खोल्यांचा भार एकट्या पहिल्या माळेवर आला, तो तिला पेलेना, म्हणून तीही बंद. सगळंच ठप्प.

मी बघत राहिले. अठ्ठावन्न. बासष्ट. पुन्हा सत्तावन्न. मी ओरडलेच, "मामा, सेन्सर खोटं बोलतोय! एका सेकंदात चार अंश कधी चढतात का? व्होल्टेज सगळी बरोबर आहेत. बाहेरून डबा गार आहे."

त्यांनी पालथा हात लावला. बराच वेळ ठेवला. "मलाबी तसंच वाटतं."

"मग? सेटिंगमध्ये या सेन्सरपुढची एक टिक काढायची. राखणदार त्याच्याकडे बघणार नाही. दोन मिनिटांत सगळं चालू!"

"वाटतं गो. ठाऊक नाय."

डबा तिथे उघडता येत नव्हता. तो चिकटवून पक्का बंद केलेला, उघडायचा तर कारखान्यातच. आत एखादा सेल खरंच तापत असेल तर बाहेरच्या पत्र्याला ते उशिरा कळतं, आणि पेटला तर त्याचा धूर माणसाला पुरे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दारात बायका जमल्या होत्या. एक जण माझा हात धरून म्हणाली, "बाय, तुझ्या हातात हाय ना? दाब ना ते. वरीसभराचं मावरं हाय गो आमचं." मावरं म्हणजे मासळी. तिच्या हाताला बर्फाचा वास होता. माझं बोट त्या टिकेपासून दोन इंचांवर होतं आणि खरं सांगते, मामा तिथे नसते तर मी ती काढली असती.

एवढ्यात शेठचा फोन लागला. मी स्पीकरवर टाकला. शेठ म्हणाले, "टिक काढ. मी जबाबदार."

मामा फोनजवळ वाकून म्हणाले, "शेठ, तुमी या. या भितीला पाठ लावून बसा. मंग काढतो."

फोन कट झाला.

मामा बाहेर गेले. सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एक माळ चालेल. तेवढ्यावर एकच खोली चालेल. मोठ्या खोलीत किती जणींचं हाय, धाकटीत किती जणींचं?"

 मामीच बोलल्या. "मोठीत एकोणीस. धाकटीत सात."

"त्या सातांत कोण?"

"मी हाय."

मला वाटलं आता तरी हे थांबतील. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "दुसरी माळ अलग कर. पहिल्या खोलीला वीज दे." मी केलं. पहिल्या खोलीचा कॉम्प्रेसर घरघरला, आणि दुसरीकडे शांतता. बायकांनी धाकटीतलं मावेल तेवढं मोठीत कोंबलं, पण मोठी आधीच भरलेली. बर्फाचा कारखाना बंद, बाजाराचा रस्ता बंद, मीठ लावून सुकवावं तर आभाळ काळंकुट्ट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट आली तोवर दुसऱ्या खोलीतला माल कामातून गेला होता. सात जणींनी तो टोपल्यांनी काढला आणि खड्ड्यात पुरला. मामीही त्यांत होत्या. मामा खड्डा खणायला गेले, तर मामींनी फावडं हातातून काढून घेतलं.

त्यानंतर मामांच्या डब्यात मासा दिसला नाही. भात आणि वरण, भात आणि वरण.  मीच एकदा न राहवून माझ्या डब्यातलं अंडं त्यांच्या झाकणात ठेवलं.

नऊ नंबरचा डबा कारखान्यात आला.  उघडताना मी मनातल्या मनात एकच घोकत होते, सेल फुगलेला निघू दे, काळा निघू दे, काहीही निघू दे. निघाला ठणठणीत. सगळेच ठणठणीत. फक्त सेन्सरच्या जोडावर पांढरं मीठ धरलेलं. ओल्या मिठातून वीज पाझरली की तो सेन्सर आहे त्यापेक्षा गरम दाखवतो, एवढंच. किनाऱ्यावर गोडं पाणी जपून वापरतात, शेड धुतात ती समुद्राच्या पाण्याने, आणि त्याच ओल्या फडक्याने बायका कपाट पुसत होत्या. दार उघडून, आतले डबेसुद्धा, कोपऱ्याकोपऱ्यातून. पण मीठ बंद डब्यात गेलं कसं? वायर आत शिरते तिथलं रबर अर्धवट बसलेलं होतं. मी तपासणीचा कागद काढला. 'रबर नीट बसलं आहे', पुढे बरोबरची खूण आणि खाली माझी सही.



शेठने सगळं ऐकून घेतलं. शहाणा माणूस. म्हणाले, "हे बघा, झालं ते झालं. आपण सांगू, सेल खराब होता, मामांनी गाव वाचवलं. बायकांनाही बरं वाटेल, आपला माल कारणी लागला म्हणून. मामांचं नाव राहील, हिची नोकरी राहील, कंपनीचीही अब्रू राहील. यात वाईट कुणाचं होतंय?"

आणि मला हायसं वाटलं. ते लपवत नाही. देवासारखा वाटला शेठ त्या क्षणी. मी मामांकडे पाहिलं. ते हातातला सेन्सर उलटसुलट करून बघत होते. "मीठ त्यांचं, फट आमची," एवढंच पुटपुटले आणि जेवायला निघून गेले. मला वाटलं, विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरची किल्ली हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. "चल."

"कुठं?"

"सांगायला."

"मामा, शेठ म्हणाले ना..."

"तू नको येऊ मंग. मी जातो." असं म्हणून ते चालायला लागले. मी दोन मिनिटं बसून राहिले, मग धावत त्यांच्यामागे गेले.  समुद्राकडून येणारा वारा तोंडावर बसत होता आणि मी मागे बसून रडत होते, ते त्यांना कळलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

शेडमध्ये बायका सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. मामी मधोमध. मामांनी चपला बाहेर काढल्या, आत गेले, उभ्यानेच बोलले. "डबा उघडला. सेल चांगला होता. तो गरम नव्हता. टिक काढली असती तर सगळं मावरं वाचलं असतं. काय झालं नसतं."

हात थांबले सगळ्यांचे.

सातांपैकी एक म्हातारी होती, तिने विचारलं, "म्हंजे आमचं फुकट गेलं?"

"हो. फुकट गेलं."

मग मी बोलले. रबराचं सांगितलं, सहीचं सांगितलं.  मला वाटलं होतं कुणीतरी ओरडेल, अंगावर येईल. कुणी आलं नाही. म्हातारी नुसती बघत राहिली, आणि ते जास्त वाईट होतं. मामा म्हणाले, "सही तिची, पण तपासणारा मी. कपाट खाऱ्या पाण्यानं पुसू नका. आमी रबर बदलू, सगळ्या डब्यांचं."

तेव्हा मामी पहिल्यांदा बोलल्या. वादळापासून पहिल्यांदाच त्या नवऱ्याशी थेट बोलत होत्या. "आणि पुढल्या वक्ताला असंच झालं तर? खरं का खोटं ठाऊक नाय, पोरं भितीला झोपलेली, आणि मावरं आत. तवा तरी टिक काढाल?"

 हा माणूस कधी एक आकडा द्यायचा नाही, मंगळवार ते शुक्रवारवाला. मी वाट बघत होते, काहीतरी मधलं सांगेल, बायकांना जरा दिलासा देईल.

"नाय," ते म्हणाले.

 मग ती म्हातारी उठली, पदराला हात पुसले आणि बाकीच्यांना म्हणाली, "ऐकलात ना? मंग पुढल्या हंगामाला कुणी मोठीत आणि कुणी धाकटीत ठेवायचं, ते आपण चिठ्ठ्या टाकून ठरवू. जिचं नशीब." बायकांनी माना हलवल्या. बंद करायची झाली तर धाकटीच बंद होणार, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. एकीने वहीचा कागद फाडला, नावं लिहायला घेतली.

"माझी चिठ्ठी टाकू नका," मामी म्हणाल्या. "माझं मावरं धाकटीतच राहील."

"का गो?"

मामींनी सुक्या बोंबलांची जुडी बांधली, गाठ घट्ट ओढली आणि मामांकडे न बघता म्हणाल्या, "बंद करणारा माझ्या घरचा हाय. त्याला कळू दे, काय बंद करतोय ते."